एकोणीस पेशंट भरून द्या म्हणतात. काय करायचं?

बाइंडिंगवाला

नमस्कार मंडळी. इथं आजवर फक्त मिसळीच्या आणि रंकाळ्याच्या धाग्यांवर भांडलोय. आज जरा वेगळा विषय काढतो.

कोल्हापुरात माझं टायपिंग, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. कुठं ते सांगत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी गप बसावं. मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओ, सगळ्यांचे थिसिस माझ्याकडं येतात. सुरुवातीला नुसतं टायपिंग होतं. मग डॉक्टरांना आकडेवारी जमेना, आणि मी बी.एस्सी.ला स्टॅट अर्धवट सोडलेला माणूस, म्हणून तेही करायला लागलो. आता बोर्डावर 'स्टॅट करून मिळेल' असं लिहिलंय, लॅमिनेशनच्या खाली.

परवा रात्री शटर निम्मं ओढलं होतं तेव्हा एक रेसिडेंट डॉक्टर वाकून आत आला. डोळे लाल, एप्रनच्या खिशात पेन ड्राइव्ह. विषय थोडा बदलून सांगतो. रक्त कमी असलेल्या बायका, निम्म्यांना लोहाच्या गोळ्या, निम्म्यांना शिरेतून लोह, आणि सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन किती वाढलं ते बघायचं. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आधी द्यायच्या आराखड्यात, ६० पेशंट लिहिलेले. शीट उघडली तर सहा आठवड्यांनंतरचा रकाना ४१ जणींचा भरलेला. बाकीच्या १९ कोऱ्या.

म्हणाला, "काका, एकोणीस राहिलेत तेवढे भरून द्या. आणि पी पॉइंट झिरो फाइव्हच्या खाली बसवा."

पी ०.०५ च्या खाली गेला की फरक नुसत्या योगायोगाचा नाही असं धरतात. शर्टाची बाही दोन बोटं कमी करून द्या म्हणावं तसं म्हणाला.

खोटं कशाला बोलू, पूर्वी हे मी केलंय. वरच्या ओळी कॉपी करायच्या, वयात एक-दोन मिळवायचे, हिमोग्लोबिन पॉइंट दोननं इकडं-तिकडं. पंधरा मिनिटांचं काम, पाचशे रुपये. मग गेल्या वर्षी थोरल्या बहिणीचं औषध बदललं. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडच्याच एका स्टडीत चांगले रिझल्ट आलेत. घरी येऊन जेवायला बसलो आणि घास तोंडाशी थांबला. त्या स्टडीची शीट कुणाच्या दुकानात भरली असेल?

त्याला 'दोन दिवसांनी ये' म्हणालोय. नाही म्हटलं तर समोरच्या दुकानात जाणार, हे मलाही कळतं. काय करू?

दूधकट्टा

भावा, लई डोकं चालवतोयस. थिसिस वाचतंय कोण? कपाटात झुरळं खाणार. पोरगं तीन वर्षं राबलंय, पास हू दे की.

निशाचर_रेसिडेंट

मी दुसऱ्या शहरात पीजी करतोय, तिसरं वर्ष. त्या पोराच्या बाजूनं बोलायला कुणीतरी हवंच.

थिसिस सक्तीचा आहे. ज्याला संशोधनात काडीचा रस नाही, चांगला सर्जन व्हायचंय, त्यालाही. लागल्या लागल्या सिनॉप्सिस द्यायचा, तेव्हा ओपीडी कुठल्या मजल्यावर आहे हेही नीट माहीत नसतं. परीक्षेच्या सहा महिने आधी पूर्ण थिसिस जमा. मधल्या काळात छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युट्या. संशोधन कसं करावं याचा ऑनलाइन कोर्स आम्हाला पास व्हावाच लागतो, त्यात प्रामाणिकपणावर आख्खा धडा आहे. तो मी रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत बसून दुप्पट वेगानं पाहिला.

पेशंट फॉलोअपला येत नाहीत. का येतील? आमच्या फॉलोअपसाठी त्यांचा दिवसाचा रोज बुडतो, वडापचं भाडं वेगळं. आणि गाईडला ६० हवेत, कारण सिनॉप्सिसमध्ये ६० लिहिलेत. ४१ घेऊन गेलं की पहिला प्रश्न, "मग तीन वर्षं काय केलंस?" पोरगं चोर नाही, दमलंय.

गणितमास्तर

निवृत्त आहे, आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. बाइंडिंगवाले, तुम्ही स्टॅट अर्धवट सोडलंत ते वाईट झालं. प्रश्न बरोबर विचारलाय.

आधी दूधकट्टा यांना उत्तर. कपाटातला थिसिस कपाटात राहत नाही. त्याचा पेपर होतो, कारण विद्यार्थ्यालाही पेपर हवा असतो आणि मास्तरांच्या बढतीलाही लागतो. असे पंधरा-वीस छोटे पेपर गोळा करून कुणीतरी मेटा-ॲनालिसिस करतं आणि त्यावरून उपचाराचे नियम ठरतात. करोनावर चालतं म्हणून गाजलेलं, जंतांवरचं आयव्हरमेक्टिन आठवा. शेजारच्या गोव्यात तर २०२१ च्या मे महिन्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना ते द्यायची घोषणा झाली होती. त्या औषधाच्या बाजूनं सगळ्यात जड पारडं होतं इजिप्तमधल्या एका अभ्यासाचं. लंडनमधल्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यानं कॉलेजच्या असाइनमेंटसाठी त्याची शीट उघडली, तर काही रुग्ण अभ्यास सुरू होण्याआधीच वारलेले निघाले. पुढं ओळीच्या ओळी कॉपी केलेल्या सापडल्या. जुलै २०२१ मध्ये तो अभ्यास मागे घेतला गेला. म्हणजे तुमचं ते पंधरा मिनिटांचं काम, फक्त मोठ्या प्रमाणावर.

आता १९ ओळींकडे या. तुम्ही वरच्या ओळी कॉपी करता म्हणजे काय करता? जी आली तिच्यासारखीच न आलेली होती असं गृहीत धरता. तसं असतं तर ती आलीच नसती का? मला एकच सांगा. त्या १९ बायका कोण आहेत? गोळ्यांच्या गटातल्या किती आणि शिरेतून लोह दिलेल्या किती? गावं कुठली? कोणत्या महिन्यात भरती केल्या?

बाइंडिंगवाला

मास्तर, तुमची पोस्ट वाचून शीट परत उघडली. १९ पैकी १४ गोळ्यांच्या गटातल्या. पत्त्याच्या रकान्यात बीड, आष्टी, पाटोदा, आणि पुढं कारखान्याचं नाव. भरती फेब्रुवारीतली.

मिरजकर_तिकटी

ऊसतोडीच्या बायका! फेब्रुवारीत नाव घातलं आणि सहा आठवड्यांनी बोलावलं. तोवर हंगाम संपतोय, टोळी बैलगाड्या भरून गावाकडं. हे त्या डॉक्टरला कोल्हापुरात राहून कळू नये?

निशाचर_रेसिडेंट

तो कोल्हापूरचा असेलच असं नाही. ऑल इंडिया कोटा म्हणून एक प्रकार असतो, त्यातून दुसऱ्या राज्यांतली पोरंही येतात.

गणितमास्तर

मला हेच हवं होतं. जी बाई दिवसभर मोळ्या उचलते, कोपीत राहते, तिला गोळ्या लागू पडल्या की नाही, हा खरा प्रश्न होता. नेमक्या त्याच बायका शीटमधून गेल्या. आता त्यांच्या जागी राजारामपुरीतल्या बाईचं हिमोग्लोबिन पॉइंट दोननं कमी करून बसवणार? मग निष्कर्ष निघेल तो शहरातल्या बाईचा आणि लागू होईल ऊस तोडणारीला. ४१ वर थांबून "१९ आल्या नाहीत, त्यातल्या १४ गोळ्यांच्या गटातल्या, बहुतेक स्थलांतरित मजूर" एवढं लिहिलं तरी तो थिसिस कॉलेजातल्या निम्म्या थिसिसांपेक्षा उजवा ठरेल.

'पी बसवा' याबद्दलही सांगतो. पी ०.०५ म्हणजे काय हे बसवून मागणाऱ्याला ठाऊक नसतं. समजा, दोन्ही गटांत कशातच काही फरक नाही. तरी तुम्ही वीस वेगवेगळे रकाने तपासलेत, तर निदान एक रकाना नुसत्या योगायोगानं ०.०५ च्या खाली जाण्याची शक्यता ६४ टक्के आहे. वीस वेळा जाळं टाकायचं, लागलेला एक मासा दाखवायचा आणि एकोणीस वेळा रिकामं आलं ते सांगायचंच नाही. यात एकही आकडा खोटा नसतो, म्हणून तर हे पकडणं अवघड.

शिवारातला_वैद्य

म्हणूनच म्हणतो, ही सगळी ॲलोपॅथीची दुकानदारी. खोट्या स्टडी, खोटी औषधं. आपली पाच हजार वर्षांची परंपरा...

बाइंडिंगवाला

वैद्यबुवा, रागावू नका, पण १९ काय, आख्खे ३० च्या ३० पेशंट भरून द्या म्हणणारे तुमच्या बाजूचेही येतात. माझं गिऱ्हाईक पॅथी बघून येत नाही.

घाटावरची_बाई

मी निवृत्त शिक्षिका. एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर 'सामान्य व्यक्ती' म्हणून चार वर्षं होते. २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या समितीत किमान सात जण लागतात. त्यात एक वकील, एक सामान्य माणूस, निदान एक बाई, आणि निम्मे लोक संस्थेबाहेरचे. मी एकटीच बाईही होते आणि सामान्यही, त्यामुळे त्यांची दोन कामं एका चहात भागायची.

बाइंडिंगवाले, आधी तुमचा कान धरते. पेशंटच्या नावागावाची शीट तुमच्या दुकानात आलीच कशी? नावं काढून, नुसते नंबर घालून यायला हवी होती. त्या बाईनं आपलं रक्त कमी आहे हे डॉक्टरला सांगितलं, झेरॉक्सवाल्याला नाही. तुम्ही इथं गावांची नावंसुद्धा टाकलीत.

आता समितीचं सांगते. दोन तासांत चौदा फायली. माझं काम मराठी संमतीपत्र वाचायचं. एकात लिहिलं होतं, "सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल." मी विचारलं, हे पेशंटला कसं सांगणार? डॉक्टर म्हणाले, "त्यात लिहिलंय की." मी म्हटलं, मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, मलाही दोनदा वाचावं लागलं. शेवटी मीच पेन काढून लिहिलं, "तुम्हाला कोणतं औषध मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. डॉक्टर ठरवणार नाहीत." तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य हळूच म्हणाले, "मॅडम, असं लिहिलं तर कोण सही करेल?"

चार वर्षांतलं हे एक वाक्य माझ्या कायम लक्षात राहिलं.

मिरजकर_तिकटी

आमच्या वडिलांनी अशीच सही केली होती, मोठ्या शहरातल्या एका हॉस्पिटलात. फॉर्म इंग्रजीत, सोळा पानं. वडील म्हणाले, "फुकट औषध देत्यात, डॉक्टर देवमाणूस हाय." ट्रायल आहे हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं, तेही नर्सच्या तोंडून. वडिलांना काही झालं नाही, बरेच झाले. पण आपल्याला विचारलं नाही ही सल राहतेच.

घाटावरची_बाई

याचंच मोठं उदाहरण खम्ममचं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रात खम्मम आणि गुजरातेत बडोदा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस प्रकल्प म्हणून दिली गेली. खम्ममला बऱ्याच मुली आश्रमशाळांच्या वसतिगृहातल्या. संमतीपत्रांवर आईबापांच्या जागी वॉर्डनच्या, हेडमास्तरांच्या सह्या. सात मुली वारल्या तेव्हा बोभाटा झाला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत सापडला नाही. पण २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं सगळ्या कारभारावर कडक ताशेरे ओढले.

लस मात्र खरंच चांगली आहे. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींत पुढं हा कर्करोग सापडलाच नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं. आणि आपल्याकडं एका सहीच्या आळसापायी ती लस वर्षानुवर्षं बदनाम राहिली. माझ्या सुनेनं नातीला द्यायची म्हटल्यावर शेजारणीनं पहिला प्रश्न केला, "ती मुली मेलेली लस ना?"

इचलकरंजी_टू_हैदराबाद

मी फार्मात क्वालिटीला आहे. जीव्हीके बायोसायन्सेस या कंपनीचं प्रकरण आमच्या ट्रेनिंगमध्ये अजून दाखवतात. जेनेरिक गोळी मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते का, हे निरोगी लोकांवर तपासतात. त्यात ईसीजी काढायचा असतो. २०१४ मध्ये फ्रान्सचे तपासनीस आले आणि त्यांना दिसलं की वेगवेगळ्या लोकांच्या नावावरचे ईसीजी एकाच माणसाचे आहेत. २०१५ च्या जानेवारीत युरोपच्या औषध संस्थेनं सुमारे ७०० औषधांची विक्री थांबवायची शिफारस केली. त्या औषधांनी कुणाला अपाय झाल्याचा पुरावा नव्हता, हेही त्याच संस्थेनं सांगितलं.

गंमत बघा, ईसीजी हा त्या तपासणीतला मुख्य भागही नव्हता. 'कोण बघतंय' म्हणून केलेलं काम. कुणीतरी खाली झोपलेल्या माणसाला म्हटलं असणार, उठू नको, अजून दोन काढतो.

दूधकट्टा

बरं, चुकलो. झुरळांचा शब्द मागे घेतो. पण मग मास्तर, मोठ्या जर्नलात तरी हे पकडत्यात का? का सगळंच राम भरोसे?

गणितमास्तर

पकडतात, पण बहुतेकदा शीट मागितली तरच. इंग्लंडमधले जॉन कार्लाइल नावाचे भूलतज्ज्ञ आहेत. जपानच्या योशिताका फुजी यांच्या भुलेवरच्या शोधनिबंधांतले आकडे योगायोगानं असे येऊच शकत नाहीत, हे त्यांनी गणितानं दाखवलं. फुजींचे १७० हून अधिक निबंध रद्द झाले. हेच कार्लाइल तेव्हा एका भूलशास्त्राच्या जर्नलचे संपादक होते. २०१७ ते २०२० दरम्यान आलेल्या चाचण्या त्यांनी तपासल्या. ज्या ३७३ चाचण्यांची मूळ शीट नव्हती, त्यांत खोटेपणा दिसला ६ मध्ये. ज्या १५३ ची शीट मिळाली, त्यांत ६७ मध्ये.

परत वाचा. ६ आणि ६७. शीट पाहिली नाही म्हणजे माणसं प्रामाणिक होती असं नव्हे.

लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलचंही तेच. २२ मे २०२० ला एक पेपर आला, की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध दिलेले करोनाचे रुग्ण जास्त मरतात. ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला तो भाग तात्पुरता थांबवला. मग कुणाच्या लक्षात आलं की ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंचा आकडा त्या देशात तेव्हा झालेल्या एकूण करोना मृत्यूंपेक्षा जास्त आहे. सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीकडून शीट मागितली, तिनं दिली नाही. ४ जूनला पेपर मागे. तेरा दिवस. चारपैकी तीन लेखकांनी स्वतःच्या नावाच्या पेपरचे मूळ आकडे नीट तपासून घेतलेच नव्हते. तुमच्याकडच्या गाईडांना हसायला नको.

मूळ प्रश्न विचारणाऱ्याला एक सूचना. पूर्वी शिकवताना मीही म्हणायचो की शेवटचा अंक बघा, रक्तदाब सगळे शून्यावर संपत असतील तर संशय घ्या. ते चूक आहे. पाऱ्याच्या यंत्रावर माणूस खरंच १२०, १३०, १४० वाचतो. दमलेल्या नर्सचे खरे आकडे ओबडधोबडच असतात. अगदी नीटस, अगदी शहाणे आकडे दिसले की मी चष्मा काढून पुसतो.

निशाचर_रेसिडेंट

काका, त्या पोराला एवढंच सांगा. ४१ वर थिसिस नापास होत नाही. आमच्या एका सिनिअरनं 'मर्यादा' या प्रकरणात दीड पान लिहिलं होतं, परीक्षकानं तेवढंच वाचलं आणि तेवढ्यावरच प्रश्न विचारले. पास झाली. गाईडसमोर जायला धीर लागतो, तो मात्र दुकानात मिळत नाही.

बाइंडिंगवाला

दीड महिन्यानं लिहितोय. अपडेट विचारणाऱ्यांची माफी मागतो.

पोरगा ठरल्या दिवशी आला. बाईंचं ऐकून मी आधी माझ्या मशीनवरची नावांची शीट उडवली, त्याच्याकडून नुसत्या नंबरांची करून घेतली. मग मास्तरांच्या दोन पोस्टी त्याला वाचायला दिल्या. तो उभ्यानंच वाचत होता, मी चहा सांगितला. म्हणाला, "मला वाटलं त्या आळशीपणानं आल्या नाहीत."

मग काय वाटलं त्याला कुणास ठाऊक, बाहेर कट्ट्यावर बसून स्वतःच्या मोबाइलवरनं एकेकीला फोन लावायला लागला. मराठी त्याचं मोडकं-तोडकं. निम्मे नंबर बंद. तीन नंबर एकाच मुकादमाचे निघाले, तो म्हणाला टोळी कधीच गेली. शेवटी एक बाई सापडली. मी शटरपाशी होतो, पोराचं बोलणं ऐकू येत होतं. "गोळी खाल्ली? का नाही खाल्ली?" मग बराच वेळ तो गप. आत आला, कागद मागितला. हाताशी माझं जुनं बिल होतं, त्याच्या पाठीवर त्यानं मराठीत, चुकतमाकत लिहिलं: "पोट दुखायचं. फडात जायचं कुठं. आठ दिवसांनी टाकून दिल्या."

मला म्हणाला, काका, हे थिसिसमध्ये घालणार. सरांना उद्या दाखवतो.

नंतर सहा आठवडे पत्ता नाही. परवा आला, सोबत छापून आणलेली पानं. स्टॅट दुसरीकडं केलेलं, समोरच्या दुकानात सोनेरी अक्षरांचं मशीन नाही म्हणून बाइंडिंगला माझ्याकडं. मी पानं सारखी करता करता तक्ता बघितला. एकूण रुग्ण ६०. फॉलोअप ६०. पी ०.०३. 'मर्यादा' मध्ये तीन ओळी, छापील, सगळ्यांच्या थिसिसात असतात त्याच.

सर काय म्हणाले ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. माझ्याकडं बघत नव्हता, लॅमिनेशनच्या रेटकार्डाकडं बघत होता. म्हणाला, "काका, उद्यापर्यंत होतील ना? पाच कॉपी."

केल्या. काळं रेक्झिन, पाठीवर नाव आणि साल. अक्षरं मीच पाडली.

ते बिल मात्र तो घेऊन गेला नव्हता. माझ्या गल्ल्यात आहे.